इको मशीनचं झाकण

पुण्याहून आलेल्या माणसाने माझं इको मशीन पाहिलं आणि पहिला शब्द काढला तो 'पीस'. "काका, काय पीस सांभाळलाय तुम्ही!" वय पन्नाशीला टेकलेलं, अंगात गुडघ्यापर्यंतची चड्डी. मशीनला हात लावण्याआधी त्याने पिशवीतून दवाखान्यात घालतात तसले पातळ हातमोजे काढून चढवले. हे कशाला, विचारलं तर म्हणाला, बोटांचा घाम लागू नये म्हणून. हे मशीन एस.टी.च्या टपावरून, टेम्पोतून, बैलगाडीतून मराठवाडाभर हिंडलेलं आहे. आमच्या गायनपार्टीतल्या चौघांचा घाम त्याने वर्षानुवर्षं पचवला. आता ह्याच्या बोटांनी ते बाटणार होतं.

मी चहा विचारला. साखर चालत नाही म्हणाला. बिनसाखरेचा विचारला तर दूध चालत नाही म्हणाला. असले लोक मला आता नवे नाहीत. गेल्या चार-पाच वर्षांत उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दोन खोल्यांत असे तिघे येऊन गेले, आणि तिघांपैकी एकालाही वाजवता-गाता येत नव्हतं. ते ही यंत्रं काचेच्या कपाटात ठेवतात, फोटो काढतात, आणि त्यांच्यासारखेच आणखी चार जण ते फोटो बघून सुस्कारे सोडतात. "लावून दाखवू का?" मी विचारलं. तो घाबरला. "नको नको काका, टेप झिजेल!"

ज्यांनी असं यंत्र पाहिलं नाही त्यांना सांगतो. पेटीच्या आकाराचा लोखंडी डबा. आत टेपचा एक पट्टा गोल फिरतो. माइकमध्ये गाणाऱ्याचा आवाज त्या पट्ट्यावर उतरतो आणि पाठोपाठ पुन्हा ऐकू येतो, मग पुन्हा, मग आणखी हळू पुन्हा. आवाज किती वेळा परत यायचा ते एका बटणावर ठरतं. बस, एवढंच. पुढे तेच काम करणाऱ्या तळहाताएवढ्या डब्या आल्या, परदेशी कंपनीने हे मशीन बनवणं बंद केलं, आणि जुन्या बाजारातला भंगारवाला मला किलोवर भाव सांगू लागला. तेव्हा विकलं नाही. आता तेच मशीन 'दुर्मिळ' झालं. झालं काही नाही, बाकीच्यांनी आपापली किलोवर विकली, म्हणून हे दुर्मिळ.

पुणेकराने मशीन सगळीकडून न्याहाळलं. आतला एक रोलर मूळचा नाही हे त्याने लगेच ओळखलं. तो मी स्वतः कारखान्याच्या लेथवर पितळेचा काढलेला होता, मूळ रबरापेक्षा दसपट टिकला. मला वाटलं कौतुक करेल. त्याने तोंड वाईट केलं. मग विचारलं, "आणि झाकण?"

"इथं नाही."

त्याने हातमोजे काढले. "काका, झाकणावर कंपनीची पाटी असते. झाकणासकट असेल तर पीस कम्प्लीट." मग त्याने दोन भाव सांगितले. झाकणाशिवाय एक मोटारसायकल येईल एवढा. झाकणासकट जुनी का होईना, पण चालती मोटार.

"झाकण आहे," मी म्हणालो. "पडेगावात आहे. वेळ आली की मिळेल."

वेळ म्हणजे काय, हे त्याला सांगितलं नाही. आमचा जावई शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि मोबाइल हातात आल्यापासून त्याला जगातल्या प्रत्येक वस्तूचा भाव कळतो. तो म्हणायचा, "मामा, आत्ता इकू नका. दर सालाला चढायलाय. जितकी कमी ऱ्हातील तितका भाव." मी म्हणायचो, "अन् मीच कमी झालो तर?" तो हसायचा. त्याला वाटायचं मी भाव चढायची वाट बघतोय. बाजाराशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी एका माणसाच्या मरणाची वाट बघत होतो.

झाकण त्या माणसाकडे होतं. आमच्या गायनपार्टीचा तो गायक. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, साखर वाढलेली, दोन्ही गुडघे गेलेले. आज ना उद्या जाणार, आणि मग पत्र्याचं झाकण कोण सांभाळून ठेवतो? त्याच्या घरचे फुकट देतील, वर अडगळ गेली म्हणून हात जोडतील. असा माझा हिशेब होता. ह्याला कुणी नीचपणा म्हटलं तर माझी हरकत नाही. पण त्याच्या दारात जाऊन 'झाकण दे' म्हणणं मला मरेपर्यंत जमणार नव्हतं, मग दोघांपैकी कुणीतरी मरणं भागच होतं.

आम्ही दोघे आपापल्या गावाहून शहरात आलो तेव्हा चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते. गावात ज्यांच्या ओट्याला आमची सावली चालत नव्हती, त्यांचीच पोरं इथे आमच्याशेजारी उभी राहून कार्ड पंच करायची. त्यांचे चेहरे बघण्यासाठी मी एकही दिवस खाडा केला नाही. मी टूलरूममध्ये, तो पॅकिंगला. त्याचा आवाज असा होता की पॅकिंगमध्ये त्याने गुणगुणलं तरी लेथवरचा माणूस मान वळवायचा. मला आवाज नव्हता, कान होता. पहिल्या बोनसचे दोघांचे पैसे एकत्र करून आम्ही मुंबईच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून हे मशीन आणलं. बायकोला साडी घेतली नाही. ती अजून बोलते.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, आणि गावोगाव आमच्या लोकांची घरं पेटली. पुढची सोळा वर्षं आम्ही सुट्टीच्या दिवशी गावं फिरलो. ढोलकीवाला, पेटीवाला, तो आणि मी. गाणं तो गायचा, पण माझंही एक काम होतं आणि ते मला चांगलं जमायचं. गाण्याच्या शेवटी तो विद्यापीठाचं नवं नाव पुकारायचा, आणि नेमक्या त्या शब्दावर मी बटण फिरवायचो. ते नाव भोंग्यातून एकदा, दोनदा, सहादा बाहेर पडायचं. समोर आमची पाच घरं असायची, आणि गावाला वाटायचं पन्नास घरं बोलतायत. सरकारने नाव द्यायच्या कितीतरी आधी आम्ही ते मराठवाड्याच्या हवेत पक्कं करून टाकलं होतं. त्या काळातली एवढीच एक गोष्ट आठवली की माझी मान ताठ होते.

गायकाला मी तुच्छ का मानतो हे मी आजवर शेकडो जणांना सांगितलंय. जयंतीच्या मंडपात, लग्नाच्या पंगतीत, कारखान्याच्या कँटीनमध्ये. ती गोष्ट अशी.

शेंद्र्याच्या पलीकडचं एक गाव. दुपारचा कार्यक्रम, कारण अंधार पडल्यावर परत येण्यात शहाणपण नव्हतं. तिथल्या आमच्या लोकांच्या वस्तीसमोरच्या मोकळ्या जागेत बैठक मांडलेली. शेवटचा पुकारा झाला, मी बटण फिरवलं, आणि पलीकडच्या गल्लीतून दगड आले. एक भोंग्यावर बसला. दुसरा आमच्या मधोमध. तर हा वाघासारखा गाणारा माणूस मशीनचं झाकण डोक्यावर धरून ओढ्याच्या दिशेने पळत सुटला, आणि मी ते अवजड मशीन खांद्यावर घेऊन दगड खात पायी रस्त्यापर्यंत आलो. झाकणाला एक पोचा आला, तेवढीच त्याची लढाई. ऐकणारे हसायचे. मीही हसायचो.

पुढे विद्यापीठाला अखेर ते नाव लागलं, आणि गाणाऱ्यांचा भाव फुटला. जो तो पुढारी पार्टी शोधत फिरू लागला. एका उमेदवाराने आमच्या गायकाला बोलावलं, ह्याने नामांतराच्या गाण्याच्या चालीवर त्या उमेदवाराचं नाव बसवलं, आणि निवडणूक झाल्यावर पडेगावात प्लॉट घेतला. त्याला वेळ कळत होती, हे मान्य केलं पाहिजे. आवाज ताजा होता तोवर विकला. दोन वर्षांनी कॅसेटवाल्यांनी नवे गळे आणले, तेव्हा ह्याच्या घराला स्लॅब पडलेला होता. मी मात्र स्वच्छ राहिलो. मला कुणी विकत घ्यायला आलंच नाही, हेही मान्य करतो.

मी पार्टी मोडली. वस्तीतली चार मोठी माणसं विहारात बसली, सामानाची वाटणी करायला. भोंगे, ॲम्प्लिफायर, पेटी सगळं निघालं, उरलं दोघांचं हे मशीन. मोठ्यांनी त्याला विचारलं, वयाने तू थोरला, आधी तू बोल. मला खात्री होती तो मशीन मागणार. मी भांडायच्या तयारीने बसलो होतो.

"मशीन त्येलाच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मला झाकण पुरं."

लोक हसले. त्याने झाकण काखेत मारलं आणि निघून गेला. मला वाटलं, खुन्नस काढली. उघडं मशीन धुळीने मरेल, असा डाव. दारातून तो बाहेर पडेपर्यंत मी चारचौघांत म्हणून घेतलं, "डोक्यावर घेऊन पळालं, तेच घेऊन चाललं!" त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही. मशीनवर मी बायकोची जुनी साडी झाकायचो.

अशी वर्षं गेली. कारखान्याने आम्हाला स्वेच्छेने निवृत्त केलं, म्हणजे ज्याची इच्छा नव्हती त्यालासुद्धा. पुणेकर येऊन गेला त्यानंतर सहा महिन्यांनी पडेगावचा गायक वारला. मला निरोप जावयाने दिला आणि लगोलग म्हणाला, "मामा, आता झाकण!" मला त्याची किळस आली. कारण माझ्याही डोक्यात पहिलं तेच आलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी पांढरा सदरा घालून गेलो. सोबत एक मोठी कापडी पिशवी घेतली. झाकणाचं माप मला तोंडपाठ आहे, त्या मापाची. रिक्षात ती मांडीवर घडी घालून ठेवली होती, आणि शेजारच्या बाईने विचारलं, "बाजाराला चालले का?" मी हो म्हणालो.

मंडपात वंदना चालली होती. समोर त्याचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. फोटो एका पेटीसारख्या वस्तूवर ठेवला होता, वर पांढरं कापड. कापडाखालून कंपनीची पाटी दिसत होती. ती घासूनपुसून लख्ख होती. मी तिथे बसलो आणि पाटी किती चांगल्या अवस्थेत आहे हे बघून मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, आनंदच झाला.

कार्यक्रम उरकल्यावर त्याची बायको माझ्याजवळ आली. कारखान्याच्या दिवसांत ती आमच्या चौघांचे डबे करायची. केस पांढरे झालेले, आवाज तसाच खणखणीत. माझ्या काखेतल्या पिशवीकडे बघत म्हणाली, "भावजी, झाकणाला आले व्हय?"

पिशवी लपवायला जागा नव्हती.

"ते म्हणायचे, मशीन इकायला निघाला की झाकणासाठी येईलच. त्याबिगर यायचा नाय. म्हणून तर तेवढंच आणलं व्हतं." ती फोटोकडे बघत बोलत होती. "दर जयंतीला पुसून ठिवायचे. म्हणायचे, मी जिता असताना आला तर फुकट द्यायचं. चहा पाजून द्यायचं."

"आणि मेल्यावर?" मी विचारलं.

"मेल्यावर आला तर इकत."

मला हायसं वाटलं. पैशाचा व्यवहार मला कळतो. "केवढ्याला म्हणाले होते?"

"पैशाचं नाय." ती माझ्याकडे वळली. "त्या दिशी मशीन कोणी उचललं, ते चार माणसांत सांगायचं. अन् झाकण न्यायचं. एवढंच म्हणले."

मंडपात तेव्हा शंभर माणसं होती. जेवणाची पंगत बसत होती. माइकसुद्धा चालू होता. एवढी सोय पुन्हा मिळणार नव्हती. मी पिशवीची घडी आणखी बारीक केली, वहिनींना हात जोडले आणि न जेवता रिक्षा स्टँडवर आलो.

आता ती दुपार जशी घडली तशी सांगतो. पहिला दगड भोंग्यावर बसला तेव्हा मशीनजवळ मी होतो. माझं काम मशीन सांभाळायचं. दुसरा दगड मधोमध पडला, आणि मी बाजूला काढून ठेवलेलं झाकण उचलून डोक्यावर धरलं आणि पळालो. ओढ्याजवळ तिसरा दगड झाकणावर बसला. पोचा पडला तेव्हा त्याच्याखाली माझं डोकं होतं. ओढ्यात उतरून मी पालथा पडलो. ढोलकीवाला आणि पेटीवाला पहिल्याच दगडाला वस्तीतल्या घरांत शिरले होते, त्यांनी ह्यातलं काही पाहिलं नाही. मागे भोंग्यातून त्याचा पुकारा अजून येतच होता, कारण बटण पूर्ण फिरवलेलं राहिलं होतं आणि ते कमी करायला मशीनपाशी कुणी नव्हतं. मग एकदम शांत झालं. त्याने वायर उपटली होती. अर्ध्या तासाने तो रस्त्यावर आला, तोवर मीही ओढ्यातून तिथे पोचलो होतो. खांद्यावर मशीन, कपाळावरून रक्त उतरून सदऱ्याच्या कॉलरपर्यंत गेलेलं. मशीन त्याने हळूच खाली ठेवलं, माझ्या हातातल्या वस्तूकडे बघितलं आणि म्हणाला, "झाकण आणलंस ते बरं केलंस. मी इसरलो व्हतो."

बस, एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

संध्याकाळी शहरात परतल्यावर आमच्या वस्तीत लोकांनी विचारलं, काय झालं. तो कपाळाला हळद लावून घेत होता, आणि मी आधी बोललो. मशीन मी आणलं, म्हणालो. झाकण घेऊन कोण पळालं ते तेव्हा सांगितलं नव्हतं, ते पुढे कधीतरी जोडलं, हसू येतं म्हणून. तो समोर होता. एक शब्द बोलला नाही. दरवेळी मी ती गोष्ट सांगायचो आणि दरवेळी वाटायचं आता हा उठेल, माझं थोबाड फोडेल आणि मी सुटेन. तो उठला नाही. ह्या गप्प बसण्याबद्दल मी त्याचा जन्मभर तिरस्कार केला. उमेदवाराचं गाणं, प्लॉट, हे सगळं नंतर सापडलेलं निमित्त.

गेल्या आठवड्यात पुणेकराचा फोन आला. "काका, झाकणाचं काय झालं?" त्याला सांगितलं की झाकणाला पोचा आहे. तो कण्हला. कसा पडला, विचारलं. आणि काय झालं कोण जाणे, त्या हातमोजेवाल्या परक्या माणसाला मी फोनवर सगळं खरं सांगून टाकलं. त्याच्यासमोर लाज वाटण्याएवढी त्याची माझ्या लेखी किंमत नव्हती. तो गप्प झाला. मला वाटलं, निदान ह्याला तरी काही लागलं.

"काका," तो म्हणाला, "हे एवढं लिहून द्याल? सही करून? लेखी इतिहास सोबत असला ना, की असल्या पिसाला वेगळाच भाव येतो. मग पोचासुद्धा चालेल."

जावई शेजारी बसून ऐकत होता. त्याने मला अंगठा दाखवला.

तर लिहिलं आहे ते हे. पण त्या दोघांसाठी नाही. मशीन विकायचं की नाही, कधी विकायचं, हे आता मला विचारू नका. निम्मं ते पडेगावचं आहे, तिथे विचारा. येत्या जयंतीला पडेगावच्या मंडपात शंभर माणसं असतील. मशीन मी रिक्षात घालून नेणार आहे, पुन्हा एकदा माइकला जोडणार आहे, टेप झिजली तर झिजू दे. बटण पूर्ण फिरवून ठेवीन, म्हणजे मी एकदा बोललो तरी ते सहादा ऐकू येईल, आणि मला मध्येच शब्द गिळता येणार नाही.

वाक्य पाठ केलंय. मशीन त्याने उचललं, मी पळालो.